वळून बघायचं नाही

लग्नाच्या मांडवात गेली तरी मोनिका शिरसाठ डोकी मोजायची. ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरली की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा. आता लग्नाच्या पंगतीतून कोण हरवणार आहे, आणि हरवलं तर मोनिकाच्या बापाचं काय जातं! पण परक्या मुलखात दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यात अर्धं आयुष्य गेलं की माणसाला अशा खोडी लागतात.

मोनिका मूळची छावणीतली, म्हणजे शहराच्या लष्करी भागातल्या वस्तीतली. बापाचं छावणीच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चर्चच्या तरुण संघात ही पोरगी सगळ्यात मोठ्या आवाजाची. कॉलेजात असताना एका शिबिरात शेवटच्या संध्याकाळी तिनं उभं राहून स्वतःला प्रभूच्या सेवेला वाहून घेतलं. अशा संध्याकाळी बरेच जण उभे राहतात आणि नाताळपर्यंत विसरून जातात. मोनिका विसरली नाही. तिनं नवराही तसाच शोधला. विश्वजीत शिरसाठ गिटार वाजवायचा, जनरेटर दुरुस्त करायचा आणि कुठलाही प्रश्न आला की "बघू या" म्हणायचा. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं झांबियाला गेले, काब्वे नावाच्या गावाबाहेर, लहान-मोठ्या मुलांची ख्रिस्ती शिबिरं चालवायला. छावणीतल्या मंडळीला झांबिया काय आणि काब्वे काय, सगळं आफ्रिका. "आफ्रिकेत सगळे बरे आहेत ना?" असं लोक विचारायचे, जणू आफ्रिका म्हणजे गंगापूरजवळचं एखादं खेडं.

तिकडं लाल माती, मोठमोठी आंब्याची झाडं, पत्र्याच्या लांबलचक खोल्या आणि जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मोनिकाला तो पहिल्याच दिवशी आवडला. घरात चमच्यानं खाणाऱ्या लोकांना ती सांगायची, हातानं खाणाऱ्याला जगात कुठं उपाशी राहावं लागत नाही. शाळांना सुट्टी लागली की कॅम्प. एप्रिलमध्ये कॅम्प, ऑगस्टमध्ये कॅम्प, नाताळच्या आधी कॅम्प. म्हणजे जगातल्या पोरांना सुट्टी असायची तेव्हा यांच्या पोरीला नसायची. पोरगी एकच, तनुजा. चार वर्षांची असताना तिकडं गेली ती तिकडंच वाढली.

मोनिकाचं खरं कसब गेटवर दिसायचं. कॅम्पच्या पहिल्या दिवशी आईबाप पोरांना घेऊन यायचे. आया रडायच्या, बाप खिसे चाचपायचे, पोरं आईच्या कपड्याला लोंबकळायची. मोनिका गळ्यात शिट्टी घालून मधोमध उभी. ती प्रत्येक आईच्या खांद्यावर हात ठेवायची आणि तेच सांगायची, "सामान दिलंत ना? आता पाठ फिरवा आणि चालायला लागा. वळून बघायचं नाही. तुम्ही वळून बघितलंत की पोर रडतं. पुढचं आम्ही बघतो." आणि आईबाप निमूट जायचे. पोरं दहा मिनिटांत चेंडूमागं पळायची. नियम कधी फसला नाही, आणि मोनिकाला त्याचा अभिमान होता. का नसावा? दुसऱ्या शिबिरांतले लोक तिच्याकडं हे शिकायला यायचे.

दुसरा नियम असा, की कॅम्पच्या आवारात कुणालाही मम्मी-पप्पा नाहीत. मोनिका सगळ्यांची आंटी, विश्वजीत सगळ्यांचा अंकल. तनुजासाठीसुद्धा. "ज्या लेकरांना आईबापच नाहीत," मोनिका म्हणायची, "त्यांच्यासमोर माझ्या पोरीनं मम्मी-मम्मी करत फिरायचं? देवाला आवडेल का ते?" विचार चांगलाच होता. कॅम्प सुरू झाला की तनुजा घरातली गादी सोडून मुलींच्या खोलीत झोपायला जायची आणि जेवणाच्या रांगेत ताट पुढं करून म्हणायची, "थँक यू, आंटी." शेवटच्या दिवशी पोरांना न्यायला गाड्या यायच्या. शेवटची गाडी वळणाआड गेली की तनुजा धावत येऊन मोनिकाला मिठी मारायची आणि ओरडायची, "मम्मी!" सुट्टीवर घरी आल्यावर मोनिका ही गोष्ट चर्चमध्ये साक्ष देताना सांगायची. मंडळीतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. मोनिकालाही ही गोष्ट सांगताना आतून छान वाटायचं.

या वर्षी मे महिन्यात तिघं सुट्टीवर छावणीत आली. तनुजाला सोळावं लागलं होतं. दहावीच्या तोडीचं शिक्षण तिकडं झालं होतं आणि पुढचा प्रवेशही तिकडंच ठरला होता, कॅम्पपासून जवळ. मोनिकाच्या मनात सगळं पक्कं होतं. तनुजा आता मोठी झाली, हाताशी आली, मुलींचा एक गट तिच्याकडं द्यायचा. मायलेकी मिळून काम करायचं. दुसरं काही तिच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

ते स्वप्न सासूनं कुरडया घालताना मोडलं. सासू म्हणजे मालनबाई. लष्करी दवाखान्यात आया म्हणून राबलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, छावणीतल्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहणारी. सकाळच्या उन्हात दोघी गच्चीवर बसल्या होत्या. मालनबाई सोऱ्या फिरवत होती आणि मोनिका प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया सारख्या करत होती.

"पोरगी म्हणती, म्या इथंच ऱ्हाते," मालनबाई सोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली.

"कोण पोरगी?"

"तुझी. दुसरी कोणची हाय घरात? म्हणती, आजी, म्या तुझ्यापशी ऱ्हाऊन शिकते. तुला बोलायला भेती."

मोनिकाचा हात थांबला. "तुम्हीच भरवलं असेल डोक्यात, आत्या."

"म्या? या वयात मला काय हौस हाय व्हय पोरी सांभाळायची? तीच म्हणली. म्या तं म्हणलं, आईला इचार."

मोनिका तशीच चिकाचे हात घेऊन खाली आली. तनुजा खाटेवर पडून पंख्याकडं बघत होती. मोनिका तिच्याशेजारी बसली आणि कॅम्पमध्ये कुठल्याही पोरीशी बोलायची तशी बोलली. मान जरा तिरपी करून, आवाज मऊ करून. "काही बोलायचंय का तुला माझ्याशी?"

"मला इथं राहायचंय," तनुजा म्हणाली. रडणं नाही, चिडणं नाही.

"का गं? तिथं कुणी काही बोललं?"

"नाही."

"मग?"

"असंच. मला आजीकडं बरं वाटतं."

"सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं," मोनिका म्हणाली. "परत गेलीस की चार दिवसांत विसरशील." हे वाक्य तिनं किती पोरांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. तनुजानं ते नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली. चांगल्या वळणाच्या पोरी डोलावतात तशी. मोनिकाला वाटलं, मिटलं. विश्वजीतला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू या." मोनिका भडकली. "बघायचं काय त्यात? ती आपल्याबरोबर येणार. विषय संपला!"

पण आत कुठंतरी तिला भीती वाटत होती. पोरगी इथं राहिली तर आपल्या हातातून गेली, हे तिला कळत होतं. दोन वर्षांनी भेटेल तेव्हा ती दुसऱ्याच कुणाची झालेली असेल. रोज संध्याकाळी ती प्रार्थनेला बसायची आणि देवाला स्पष्ट सांगायची, सगळं घे, एवढं घेऊ नकोस.

अशात चर्चच्या पाळकांनी विचारलं, सुट्टीवर आलाच आहात तर आपल्या मंडळीच्या लेकरांसाठी एक निवासी शिबिर घ्याल का? जुन्या बोर्डिंगच्या आवारात, तीन दिवस. मोनिकाला बरंच झालं. पोरगी कामात पडली की डोक्यातलं खूळ जाईल. तिनं शिट्टी बाहेर काढली.

पहिल्या दिवशी गेटवर तोच देखावा. झांबिया काय आणि छावणी काय, आया सारख्याच. बजाजनगरहून सोमनाथ नावाचा एक माणूस आला होता, वाळूजच्या एका कंपनीत कामाला होता. सोबत त्याचा मुलगा सत्यम, आठ वर्षांचा, पाठीला दप्तरासारखी पिशवी. सोमनाथ चुळबुळत होता. "कधी घराबाहेर झोपला नाय हो हा, ताई. आई नाय त्याला. माझ्याचपाशी ऱ्हातो."

"काळजी करू नका," मोनिका म्हणाली. "पाठ फिरवा आणि चालायला लागा. वळून बघायचं नाही. पुढचं आम्ही बघतो."

सोमनाथ गेला. रस्ता ओलांडून मोटारसायकलपाशी गेला, बसला, निघाला. एकदासुद्धा वळला नाही. बिचाऱ्याची मान आखडली असेल. सत्यम गेटपाशी उभा राहून बघत होता. रडला नाही. मोनिकानं तनुजाकडं बघून भुवया उडवल्या, बघ, असं. तनुजानं तिकडं लक्ष दिलं नाही. ती सत्यमकडं बघत होती.

दुपारी जेवणानंतर मोनिकानं पोरांना कडुनिंबाखाली बसवून मोजलं. एक कमी. परत मोजलं. एक कमीच. सत्यम नव्हता.

झालं! इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. विश्वजीत रस्त्यावर धावला, बाजाराच्या बाजूला गेला. बाया संडास, स्वयंपाकघर, विहिरीवरची जाळी बघून आल्या. उन्हानं जमीन भाजत होती आणि मोनिका अनवाणी पळत होती. चपला कुठं राहिल्या ते तिला आठवेना. मनात एकच, त्या माणसाला काय तोंड दाखवू? मीच म्हणाले होते ना, पुढचं आम्ही बघतो.

मग तिच्या लक्षात आलं की तनुजाही दिसत नाहीय.

गेटच्या डाव्या हाताला सिमेंटची पाण्याची टाकी होती. टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या सावलीतून बोलण्याचा आवाज आला. मोनिका टाकीला टेकली. पुढं जायच्या आधी ती ऐकायला थांबली.

"इथून रस्ता बरा दिसतो ना?" तनुजाचा आवाज. "आपण कुणाला दिसत नाही, पण आपल्याला सगळं दिसतं."

सत्यम मुसमुसत होता. तनुजा त्याला रडू नको म्हणत नव्हती.

"माझ्या पप्पांनी मागं बघितलंच नाय," तो म्हणाला.

"त्यांना बघायचं होतं रे. आंटीनं सांगितलं म्हणून नाही बघितलं."

"तुला काय माहीत?"

"मला माहितीय. माझी मम्मीपण नाही बघायची."

"ती कुठं गेली होती तुला सोडून?"

"कुठंच नाही. तिथंच असायची. रोज समोर दिसायची. दुसऱ्या पोरांना वाढायची, कुणाला ताप आला तर उशाशी बसायची. मी तुझ्याएवढी होते. तिकडंपण अशीच टाकी होती. मी तिच्यामागं बसून तिला बघायचे."

सत्यम जरा विचारात पडला. "मग तुला शोधायला कोण यायचं?"

"कुणीच नाही. मी मोजण्यात नव्हते ना. बाहेरून आलेल्या पोरांनाच मोजायचे." तनुजा हसली. "पण तू आहेस मोजण्यात. बघ, सगळे तुझ्या नावानं ओरडतायत. किती छान वाटतंय ना?"

खरंच सगळे ओरडत होते. विश्वजीतचा आवाज रस्त्यावरून येत होता, बायांचा स्वयंपाकघराकडून. सत्यम, ए सत्यम!

मोनिका टाकीच्या या बाजूला उभी होती. पोरीच्या आवाजात तक्रार असती तर बरं झालं असतं. तिनं आरोप केला असता तर मोनिका भांडली असती, रडली असती, देवाच्या कामाचं काहीतरी बोलली असती. पण तनुजा साधं सांगत होती, काल काय जेवलो ते सांगावं तसं. मोनिकाला आठवत होतं, रोज तिन्ही त्रिकाळ ती पोरं मोजायची आणि आकडा जुळला की सुटकेचा श्वास टाकायची. त्या आकड्यात तनुजा कधीच नव्हती. नाव नोंदवून आलेली ती नव्हती, काम करणाऱ्या मोठ्यांतही नव्हती. सगळ्यांसारखी वागवायची म्हणून आई काढून घेतली आणि सगळ्यांमध्ये धरायची मात्र राहून गेली. दुपारभर पोर टाकीमागं बसली तरी आकडा जुळतच होता.

तिला शरम वाटली. आजवर कशाची वाटली नव्हती इतकी.

मग तिनं डोळे पुसले, टाकीला वळसा घातला आणि म्हणाली, "सापडले." तनुजा दचकून उठली. "सॉरी आंटी, मी सांगायला येणारच होते," म्हणाली.

मोनिकानं शिट्टी फुंकून सगळ्यांना परत बोलावलं. संध्याकाळी तिनं सोमनाथला फोन करून बोलावून घेतलं. तो घामाघूम होऊन आला. सत्यम धावत जाऊन त्याच्या पोटाला चिकटला. "रोज संध्याकाळी येऊन जा," मोनिका त्याला म्हणाली, "आणि जाताना पाहिजे तेवढ्या वेळा वळून बघा." सोमनाथला त्यातलं काही कळलं नाही, पण तो रोज आला.

शिबिर उरकल्यावर एका दुपारी मोनिका मालनबाईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. विश्वजीतनं बाजारातून नान आणि मटणाचा खलिया आणला होता आणि मालनबाई भांडं झाकून ठेवत होती.

"आत्या, तिला इथं काय आवडतं?"

मालनबाईनं सुनेकडं नीट बघितलं. भांडायला आलेली नाही, हे तिला कळलं. "म्हातारीत आवडण्यासारखं काय आसतंय? पर एक सांगते. परवा दुकानात गेली अन् तिथंच गप्पा हाणीत बसली. म्या आपली गल्लीत उभी ऱ्हाऊन बोंबलायला लागले, तनू गं, ए तनू! सगळी गल्ली जमा झाली. मला वाटलं, आता ही चिडंल, आजी लाज आणती म्हणंल. तं हसत आली. म्हणती कशी, आजी, उद्या बी बोलाव असंच." मालनबाईनं डोळे बारीक केले. "कामून गं? तुम्ही हाक मारीत नाय व्हय तिला?"

मोनिकाला त्या म्हातारीचा इतका हेवा वाटला की खलियाचा वास नको झाला. गल्लीत उभं राहून एक हाक मारायची, बस्स, एवढंच करून म्हातारीनं पोरगी जिंकली होती. आणि आपण? आपण देशोदेशीच्या पोरांच्या आंटी झालो.

त्या संध्याकाळी ती गच्चीवर तनुजाला म्हणाली, "रहा तू इथं."

"रागावून म्हणतेस?"

"नाही. मला तू यायला हवी आहेस. अजून वाटतं, तू ये. तू आली नाहीस तर मला तिथं करमणार नाही. पण रहा." सगळं ती एका दमात बोलली. टाकीमागचं ऐकलं ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तनुजानं तिचीच समजूत काढली असती, आणि ते तिला सोसलं नसतं.

निघायचा दिवस आला. मुंबईला जाणारी गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून तोंडाशी उभी होती. विश्वजीतनं बॅगा नेल्या आणि तो गाडीपाशीच थांबला, पाठ करून. त्याचे खांदे हलत होते. मालनबाई दारात उभी राहून कुरडयांचा डबा बॅगेत ठेवला का ते तिसऱ्यांदा विचारत होती. मोनिका उंबऱ्यापाशी रेंगाळली. पर्स बघितली, चष्मा बघितला, पुन्हा पर्स बघितली. तनुजा हे बघत होती. मग ती पुढं आली आणि तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. हात अगदी तसाच, आवाजही तसाच, मऊ आणि पक्का.

"सामान दिलंस ना, मम्मी? आता पाठ फिरव आणि चालायला लाग. वळून बघायचं नाही. तू वळून बघितलंस की मी रडेन."

दुसरं काय करणार? मोनिका चालायला लागली. गल्ली काही लांब नाही, पण त्या दिवशी संपेना. पिठाची गिरणी गेली, इस्त्रीवाला गेला. मान ताठ. आता तिला कळत होतं की ज्या आयांना ती इतकी वर्षं निमूट समजत होती त्या निमूट नव्हत्या. पाठीमागं काहीच आवाज नव्हता. कसा येणार? ते पोर शहाणं होतं, टाकीमागं बसायला शिकलेलं. गाडीचं दार विश्वजीतनं उघडून धरलं होतं.

मोनिका दाराला हात लावून थांबली, आणि वळली.

तनुजा अजून तिथंच उभी होती. हसरा चेहरा करून, हात हलवायच्या तयारीत. आई वळलेली दिसली आणि तो चेहरा कोसळला. सोळा वर्षांची घोडी भर गल्लीत लहान पोरासारखी भोकाड पसरून रडायला लागली.

"तनू गं!" मोनिका ओरडली. छावणीत तरुण संघात होता तो आवाज. "ए तनू!"

इस्त्रीवाला बाहेर आला. गिरणीवरच्या बाया बाहेर आल्या. मालनबाई "काय झालं, काय झालं" करत उंबरा उतरली. तनुजा धावत निघाली होती आणि मोनिकाही, पर्स गाडीपाशी टाकून. इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर दोघी एकमेकींवर आदळल्या. नियम खरा होता, वळून बघितलं की पोर रडतं. मोनिकानं तिला गप्प केलं नाही. रडू दिलं, पोटभर.

मागं ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मोनिकानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.